भिंगरी डोंगरावर जाते

तिला सगळे भिंगरीच म्हणत. लाँड्रीच्या इस्त्रीखात्यात सारा जन्म उभ्याने गेला, तरी घरी येऊन ती कधी टेकली नाही. नवरा चेष्टा करायचा, "अगं, जमीन चटके देतेय का तुला?" तो गेला, पाठोपाठ नोकरीही संपली आणि भिंगरीने घर डोक्यावर घेतलं. आज कपाट या भिंतीला, उद्या त्या. शेवटी सुनेने हात जोडले. "आई, थोडे दिवस मावशींकडे जाऊन या. तेवढीच कपाटाला विश्रांती."

थोरली बहीण ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहायची. खिडकीतून शिखरावरचा धूर दिसायचा. दुसऱ्याच दिवशी भिंगरीने टुमणं लावलं, "ताई, वर जाऊ या ना." ताईचे गुडघे कुरकुरायचे, पण धाकटीच्या हट्टापुढे तिचं कधी चाललं होतं? वाटाड्याला घेऊन सकाळी निघाल्या.

जंगलात माकडं अर्धी खाल्लेली फळं डोक्यावर टाकत होती. वाटाड्याने धनेश पक्ष्यांची जोडी दाखवली. ताई आ वासून बघत राहिली. "दिसले, दिसले," म्हणत भिंगरी पुढे. झाडी विरळ झाली, पायाखाली काळी राख घसरू लागली. धुक्यात मागची दोघं दिसेनाशी झाली.

तेवढ्यात झुडपातून रानडुकरीण बाहेर आली, मागे पट्टेरी पिल्लं. वाटाड्याने आधीच बजावलं होतं, जनावर समोर आलं की पळायचं नाही. भिंगरी जागच्या जागी थिजली. डुकरीण फुरफुरत तिच्याकडे बघत होती, पिल्लं निवांत माती उकरत होती. पळायची सोय नव्हती, तेव्हा इतके दिवस चुकवलेलं सगळं समोर आलं. खिडकीजवळची नवऱ्याची खुर्ची. ती हातात चहा घेऊन हाका मारत होती, तो उठला नव्हता, ती सकाळ.

डुकरीण पिल्लं घेऊन निघून गेली. ताई धापा टाकत पोचली, तर भिंगरी उभ्याउभ्या रडत होती.

"लागलं का कुठे?"

"नाही गं. थांबलं की हे आठवतात. म्हणून तर..."

ताईने तिचा हात घट्ट धरला.

तोच डोंगर आतून गुरगुरला. वाटाड्या म्हणाला, "चला, मागे फिरा."

"इतक्या वर आले आणि त्याचं तोंड न बघता जाऊ?" भिंगरी म्हणाली.

"मावशी, त्याने नीट तोंड उघडलं, तर बघायला आपण उरायचो नाही!"

वाट काही आठवडे बंद राहिली. भिंगरी रोज खिडकीशी चार खेपा घालायची. वाट उघडली तशी ती वाटाड्याबरोबर पुन्हा निघाली. ताईने या खेपेला साफ नकार दिला. भिंगरी ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचली आणि आत डोकावली. आग नाही, काही नाही. राखाडी वाफ आणि वाफेवर भिरभिरणाऱ्या पाकोळ्या.

"एवढंच?" म्हणून ती खो खो हसली. "हे असते ना, तर म्हणाले असते, यापेक्षा आपला बंब बरा!"

उतरताना ती नवऱ्याबद्दल बोलत सुटली. तो कसा घोरायचा, कसा चिडायचा, चष्मा कपाळावर ठेवून घरभर कसा शोधायचा. वाटाड्याने दोनदा धनेश दाखवायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला.