बांधलेली शिदोरी

"चला, इथे काय बसायचं!" हे माझ्या कचेरीतल्या थोरल्या सोबत्याचं वाक्य. समोर चहा यायच्या आत ते हे म्हणत आणि उभे राहत. मग चहा उभ्यानेच, बशीत ओतून, फुंकर मारत. गाडीला अर्धा तास असला तरी हे बोईसर स्टेशनच्या फलाटावर येरझारा घालणार आणि मलाही घालायला लावणार. असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याच्या शेजारी बसलं की आपलंच काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटायला लागतं.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि बोईसरला भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या होत्या. किनाऱ्यावरची माणसं काय खातात आणि किती खातात, याचा अभ्यास मुंबईच्या एका संस्थेला करायचा होता. त्यासाठी आम्ही दोघे नवापूरला घरोघरी जाऊन शिजलेलं अन्न तोलत असू. मी पालघरचा, नोकरीला नुकता चिकटलेला. ते सोलापूरकडचे, माझ्याहून बरेच मोठे आणि जन्मात मासळीला हात न लावलेले. बोंबील भाजल्याचा वास आला की रुमाल नाकाला लावत, आणि त्याच रुमालाने वजनकाटा पुसून त्याच बोंबलाचं वजन घेत.

लोकांनी आमची फजिती केली ती अगत्याने. तोलणारे येणार असं कळलं की त्या घरी हमखास पापलेट. आमचे कागद वाचणाऱ्याला नवापूर म्हणजे बारमाही लग्नघर वाटलं असतं. हे वैतागले. "अहो, ही माणसं जेवत नाहीयेत, आपल्याला जेवण दाखवतायत!" तेव्हापासून आम्ही न सांगता जायला लागलो.

त्यात आणखी एक नियम होता. ज्या घरचं तोलायचं त्या घरचं खायचं नाही, नाहीतर हिशेब बिघडतो. हे इतके कडक की पाणीसुद्धा घेत नसत. लोकांना राग यायचा. हिराबाई तेवढी हसायची. तिचा नवरा होडीवर जाई, घरात ती आणि सासू. "भाऊ, तुमी उपाशी रानार आनि आमचं मोजनार," ती म्हणायची. "बरा धंदा हाय!"

एका सकाळी आम्ही तिच्याकडे पोचलो तेव्हा नवरा निघायच्या बेतात होता. शिदोरी फडक्यात बांधून तिने त्याच्या हाती दिली होती. यांना राहवेना. समुद्रावर काय खाल्लं जातं ते आमच्या हाती कधीच लागत नव्हतं. "एवढी गाठ सोडा, एकच मिनिट," ते म्हणाले. हिराबाई घुटमळली. नवरा भिडस्त, त्याने स्वतःच गाठ सोडली. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी तोलून झाली, फडकं पुन्हा बांधलं गेलं. होडीची शिदोरी एकदा बांधली की किनाऱ्यावर सोडत नाहीत, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सासू दारातून बघत होती.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. बाकीच्या होड्या कशाबशा परतल्या, ती एक आली नाही.

मला तर गाडी पकडून थेट वैतरणेपलीकडे पळून जावंसं वाटत होतं. हे मात्र सरळ हिराबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. मागोमाग मी.

"तू शिदोरी सोडलीस," सासू म्हणाली. "तुजी नजर लागली माज्या पोराला."

"आजी, नजर वगैरे..." यांनी सुरुवात केली. मग हिराबाईकडे लक्ष गेलं आणि ते थांबले. "मी काय करू, सांगा."

"ज्याची नजर लागली त्यानं त्या घरचं जेवायचं. पोरगा येई परयंत. ताटात शीत ठेवायचं नाय."

पहिल्या दिवशी हे जेवले आणि परसात जाऊन ओकले. चूळ भरून परत आले आणि पुन्हा ताट मागून घेतलं. परतताना मी न राहवून विचारलं, "तुमचा यावर विश्वास आहे?"

"छे हो! पण गाठ मी सोडायला लावली ना!"

मग रोज दुपारी नवापूर. होडीचा पत्ता नाही. वाटेत ते इतके भरभर चालत की मला धाप लागे, आणि गावात शिरताना कुणी काही बोलेल म्हणून माझे पाय मागे ओढत. तोलणाराच जेवतोय ही बातमी मुंबईला पोचली आणि ताबडतोब हजर व्हा म्हणून तार आली. मी म्हटलं, जाऊन या, मी सांभाळतो. "आणि घास कोण खाणार?" त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं. नोकरी जाणार हे त्यांना माहीत होतं. सोलापूरकडे त्यांच्या पगारावर जगणारं घर होतं. ती नोकरी गेलीच, आणि त्यानंतर मला ते कधी दिसले नाहीत. त्यांच्याइतका जीव लावावा असं माणूस मला त्या नोकरीत पुन्हा भेटलं नाही.

पण ते जायच्या आधीची ती दुपार सांगायची राहिली. हिराबाईने भात आणि मांदेलीचं कालवण वाढलं होतं, हे जेवत होते. एवढ्यात किनाऱ्यावरून ओरडा आला, "आली रे, आली!" हिराबाईने हातातला डाव टाकला आणि धावत सुटली. सासू भिंतीला धरत निघाली. मीही पळालो. होडी पार उंबरगावच्या अंगाला फेकली गेली होती, डोलकाठी मोडली होती. तिचा नवरा कमरेइतक्या पाण्यात उतरला, तेव्हा सगळं गाव एकदम बोलायला लागलं.

त्या गर्दीत मी यांना शोधत होतो. ते नव्हते. मी उलटा पळत घरी आलो. रिकाम्या घरात ते पाटावर तसेच बसलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय आणि उजव्या हाताने काटे बाजूला काढतायत.

"अहो, आला तो! धडधाकट आहे! उठा की!"

"ऐकलं मी," ते म्हणाले. "दोन घास राहिलेत."