मॉरीन फुटपाथवर पडली तेव्हा

पुण्यातल्या सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून आयुष्य घालवलेली मी, निवृत्तीनंतर पहिल्यांदा विलायतेला गेले. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात माझी मुलगी मेधा नोकरी करते. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर समोर विटांची प्रचंड कापडगिरणी, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. पुढे दगडी खांबांचं देखणं वाचनालय, त्याला कुलूप. मेधा न्यायला आली होती; दोघी थांब्यावर कुडकुडत उभ्या राहिलो, तरी बसचा पत्ता नाही.

"आई, इथली बस कंपनीच्या मनात असलं तरच येते."

"मग पुणं सोडलंस कशाला?" मी म्हणाले.

शेजारी मॉरीन राहायची. एकटी, माझ्याहून थोडी मोठी. तरुणपणी त्याच गिरणीत कामाला होती. पहिल्याच दिवशी ती रूबार्बचा (आंबट देठांचा) गोड पदार्थ घेऊन आली. मी थालीपीठ दिलं, ते तिने जॅम लावून खाल्लं.

"गिरणी बंद केली तेव्हा म्हणाले, आता तुम्हाला याहून चांगली कामं मिळतील," ती सांगत होती. "मग गावातलं हॉस्पिटल बंद केलं. म्हणाले, शहरातलं मोठं आहे, तिथे जा."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मोर्चे काढले की! वर्तमानपत्रात फोटो आला," ती हसली.

एका सकाळी फुटपाथवर बर्फाचा पातळ थर होता. बाहेर किंकाळी ऐकून मी धावले. मॉरीन पडली होती. एक पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळलेलं. खुब्याचं हाड गेलं, हे पाहताक्षणीच कळलं. मेधाने फोन लावला. "अँब्युलन्स निघेल, त्यांना हलवू नका," असं उत्तर आलं.

रजया आणल्या. दुपार झाली. मेधाने पुन्हा पुन्हा फोन केले. दर वेळी तेच गोड आवाजातलं उत्तर, तुमच्याआधी आणखी लोक आहेत. रिमझिम सुरू झाली, तशी वर छत्री धरली. मॉरीनचे ओठ निळे पडत चालले.

"सॉरी," ती पुटपुटली, "तुमचा दिवस वाया घालवला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही कशाला माफी मागता?" मी मराठीतच ओरडले. तिने माझा हात घट्ट धरला. शब्द कळले नसतील, राग कळला असावा.

दिवेलागणीला अँब्युलन्स आली. चार खडे बोल सुनवायचेच म्हणून मी पुढे झाले, तर खाली उतरलेल्या मुलीचेच डोळे सुजलेले. "सकाळपासून एका पेशंटला घेऊन हॉस्पिटलच्या दारात उभे होतो," ती म्हणाली. "आत खाटच रिकामी नव्हती." मी बोल गिळले आणि मॉरीनला उचलायला हात लावला.

ऑपरेशन झालं. पण दिवसभर थंडीत पडून राहिल्याने न्यूमोनिया झाला आणि ती गेली. चर्चमध्ये पाद्री म्हणाले, तिला दीर्घायुष्य लाभलं. मी मेधाला म्हणाले, "ती म्हातारपणाने मेलेली नाही, हे यांना कुणी तरी सांगा." मेधाने मला गप्प केलं. अजूनही त्या गप्प बसण्याचा मला राग येतो.

पुण्याला परतले आणि काही दिवसांतच आमच्या भागात नागरिकांची सभा होती. भागातला सरकारी दवाखाना एका खाजगी कंपनीला चालवायला द्यायचा, असा बेत. व्यासपीठावरचे साहेब म्हणाले, "परदेशातल्यासारखी सेवा मिळेल."

मी उठले. मॉरीनची सगळी हकिगत सांगितली.

"अहो बाई, तिकडच्या गोष्टीचा इथे काय संबंध?"

"त्या देशाकडे पैसा होता, डॉक्टर होते, हॉस्पिटल होतं. ते त्यांनी एकेक करून मोडलं, आणि प्रत्येक वेळी लोकांना सांगितलं की आता याहून चांगलं येणार आहे. तुम्ही तेच सांगताय."

"बरं, आपण बसून घ्या. पुढचा विषय घेऊ."

"हा विषय संपलेला नाही," मी म्हणाले आणि उभीच राहिले. मागच्या रांगेतल्या दोन बायकाही उठून उभ्या राहिल्या.