शुक्रवारचे आमेन

भिवंडीत आमची उपासना शुक्रवारी व्हायची. कल्याणचे ख्रिस्ती लोक यावरून आम्हाला हसायचे. पण रविवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू असत. निम्मी मंडळी ड्युटीवर, आणि उरलेल्यांना खडखडाटात शेजाऱ्याचे गाणेही ऐकू यायचे नाही. शुक्रवारी सगळे बंद. नारपोलीतल्या एका शेठने लूमखान्यामागची खोली आम्हाला वापरायला दिली होती. ते स्वतः नमाजाला निघताना माझ्या वडिलांना म्हणायचे, "चलो, तुम इधर से दुआ करो, हम उधर से."

शुक्रवारच्या शांततेची एकच अडचण होती. खोलीत बोललेला शब्द गल्लीभर जायचा. एरवी भिवंडीत माणूस बोंबलला तरी कुणाला पत्ता लागत नसे.

बाबा नगरकडून आलेले, लूमवरचे कामगार आणि मंडळीचे, आमच्या छोट्या चर्चचे, पंच. आमचे पाद्री, पाळकसाहेब, कल्याणहून एक शुक्रवार आड यायचे. ते नसत तेव्हा सगळे बाबांवर. मी बी.ए. झालो होतो. आमच्या घरात पहिला, गल्लीतही पहिलाच. एका शाळेत शिकवत होतो. हे मी अभिमानाने सांगतो, तेव्हाही सांगायचो. म्हणूनच मंडळीचा तरुण संघ माझ्याकडे आला.

उपासनेनंतर आम्ही पाचसात जण मागे थांबायचो. मी आधी शास्त्रातला एक उतारा वाचायचो आणि मग वर्तमानपत्रातली एक बातमी. विचारायचो, "देवाला याचे काय वाटत असेल?" आणीबाणीचे दिवस होते. पेपरात सगळे छानच छापलेले असायचे. मग मी विचारायचो, "यात काय नाही?" हे विचारताना माझी नजर दाराकडे असायची. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांना पोलीस घेऊन गेले होते आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांचे नावसुद्धा कुणी घेत नव्हते.

निवडणूक जाहीर झाली आणि पोरांचे प्रश्न वाढले. आणीबाणी सैल झाली होती, उठली नव्हती. आमच्याकडे रीत अशी की मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी लोक बाबांना विचारायचे, "पंच, कोणतं चिन्ह?" बाबा सांगायचे आणि सगळी मंडळी तिथे शिक्का मारायची. बाबांना ते चिन्ह कोण सांगायचे? भागातले एक पुढारी, सत्तेतल्या पक्षाचे. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे.

यात बाबांचा लोभ एकच होता, आणि तो पोटाचा नव्हता. भिवंडीत आम्हाला पुरायला जागा नव्हती. आई गेली तेव्हा कापडाचे तागे वाहणाऱ्या टेम्पोतून तिला कल्याणला नेले. तिथली कमिटी म्हणाली, ही दफनभूमी आमच्या सभासदांची आहे. दुपार होईपर्यंत आई टेम्पोत, आणि बाबा टेम्पोच्या सावलीत उभे. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी एकच गोष्ट. "आपल्या मान्सांला इथंच जमीन पायजे." भाऊंनी शेलार गावाच्या बाजूला एक तुकडा देववतो असे सांगितले होते. दर निवडणुकीला सांगत होते.

या वेळी भाऊंनी निरोप पाठवला की मी स्वतः प्रार्थनेला येतो, आमच्या उमेदवाराच्या विजयासाठी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करा. जमिनीचे तिथेच जाहीर करू.

त्याच्या आदल्याच शुक्रवारी मी संघात बोलून बसलो होतो. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायला शास्त्र सांगते, तर करायची. पण त्यांना शहाणपण मागायचे, खुर्ची मागायची नाही. आणि दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणणे म्हणजे त्याखाली आपली सही करणे. पटत नसेल तर आमेन म्हणू नये. बी.ए.च्या तोंडाला हे शोभून दिसले. पण संघात एक मुलगी होती, सरकारी दवाखान्यात नुकतीच नर्स म्हणून लागलेली. तिने ते मनावर घेतले.

त्या शुक्रवारी सकाळी मी तिला खोलीच्या दारातच गाठले. ती चटया झटकत होती.

"आज गप्प राहा," मी म्हणालो.

"दादा, गप्पच राहायचं होतं तर दर आठवड्याला पेपर कशाला आणायचात? प्रभूचं वचन तर आमच्या घरी पण आहे."

"तुझी नोकरी अजून पक्की नाही. त्यांनी एक शब्द टाकला तर कुठल्या पाड्यावर बदली होईल सांगता येत नाही."

"पाड्यावर पण माणसं आजारी पडतात," ती म्हणाली आणि उरलेली चटई माझ्या हातात दिली. "झटका. धूळ उडवायची तुम्हाला सवय आहे ना."

तिची नोकरी, बाबांची जमीन आणि शेठची खोली, तिन्ही माझ्या एका वाक्यावर टांगलेली मला दिसत होती. पाळकसाहेबांची ती पाळी नव्हती.

भाऊ जीपने आले. सोबत दोन कार्यकर्ते. भाऊ चटईवर मांडी घालून बसले आणि बाबांना हळूच म्हणाले, "मला रीत माहीत नाही बरं का. चुकलं तर सांगा."

बाबा म्हणाले, "डोळं मिटायचं. कुणी थांबलं की आमेन म्हनायचं. येवढंच."

आमच्याकडे साखळी प्रार्थना असते. गोल बसायचे, डोळे मिटायचे, आणि एकापाठोपाठ एकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याची पाळी असेल त्याला मध्येच कुणी अडवायचे नाही. पाळकालाही तो अधिकार नाही.

बाबांनी सुरुवात केली. आजाऱ्यांसाठी, रोजच्या भाकरीसाठी, पाण्यासाठी. मग भाऊंच्या उमेदवारासाठी. त्यांचा आवाज अडखळत होता, पण 'विजय' हा शब्द त्यांनी उच्चारला. सगळ्यांनी आमेन म्हटले. माझे ओठ हलले की नाही, मला खरेच आठवत नाही. माझे कान तिच्याकडे होते. तिचे आमेन आले नाही.

मग दोन म्हाताऱ्या बायकांनी नेहमीचे मागितले. साखळी तिच्यापाशी आली. बाहेर गल्लीत सायकल गेल्याचाही आवाज आला.

"प्रभू," ती म्हणाली, "कोणाला जिंकवायचं, कोणाला हरवायचं, ते तू बघ. जिंकेल त्याला बुद्धी दे, हरेल त्याला धीर दे. जमीन मागतो ती आमच्या मेलेल्यांसाठी मागतो. तिच्या बदल्यात जिवंत माणसांची मतं द्यायला लावू नकोस. जे तुरुंगात आहेत त्यांच्या घरच्यांना आज जेवण गोड लागू दे. आमच्या दादांच्या शाळेतल्या मास्तरांच्या पण घरी."

ती थांबली. कुणी हलेना. मी डोळे उघडले आणि पाहिले तर खोलीतल्या निम्म्या लोकांनी उघडले होते. बाबांनी मात्र गच्च मिटले होते. त्या शांततेत भाऊंनी, डोळे मिटूनच, खणखणीत आवाजात म्हटले, "आमेन."

थांबले की आमेन म्हणायचे, एवढेच त्यांना सांगितलेले. मग काय, सगळी खोलीच आमेन म्हणाली. एका म्हातारीला हसू आवरेना, तिने पदर तोंडात धरला. मला हसू आले नाही. कार्यकर्त्यांपैकी एक जण भाऊंच्या कानाशी लागला आणि मी भाऊंचा चेहरा बघत राहिलो.

जमिनीचे त्यांनी जाहीर केले नाही. चहा घेतला, जीपपाशी गेले आणि बाबांना विचारले, "ती पोरगी कोणाची?"

"मंडळीची," बाबा म्हणाले.

"काय करते?"

"प्रार्थना करती." बाबांनी हात जोडले. "बाकी आमालाबी कळलं न्हाई भाऊ ती काय बोलली ते. तुमीच आमेन म्हनला, मंग आमी म्हनलं."

भाऊ कसेबसे हसले आणि जीप गेली.

बाबा परत आले आणि लूमखान्याच्या पायरीवर बसले. मी शिव्यांची वाट बघत उभा. "जमीन गेली," ते म्हणाले. आतून लोक बाहेर आले, आणि नेहमीप्रमाणे एकाने विचारले, "पंच, चिन्ह कोणतं म्हणायचं?"

"आज सांगनार न्हाई. तुमचं तुमी बगा."

तो माणूस घाबरला. तसा मीही घाबरलो. सगळेच जण एकमेकांकडे बघत घरी गेले.

बदलीचा कागद आज येतो की उद्या, या काळजीत पुढचे दिवस गेले. रोज दवाखान्यावरून जाताना मी तिची सायकल उभी आहे का बघायचो. मतदान झाले, दिल्लीतले सरकार गेले, आणीबाणी उठली, मास्तर घरी आले. सायकल होती तिथेच होती. पण भाऊही होते तिथेच होते, त्यामुळे माझे बघणे काही सुटले नाही.

एका सकाळी बाबांनी धुतलेला सदरा घातला. "तुजी पोरं बोलाव. त्या नर्सबाईलाबी. नगरपालिकेत जाऊ. कोपऱ्यात न्हाई मागायची जमीन आता. समद्यांसमोर मागू."

आम्ही गेलो. खिडकीपाशी मी इंग्रजीतून सुरुवात करणार होतो, पण बाबा पुढे झाले. कारकुनाने वर न बघता विचारले, "कोणाची माणसं?"

म्हणजे कोणत्या पुढाऱ्याची. हे बाबांना कळत होते. इतकी वर्षे त्यांनी या प्रश्नाला भाऊंचेच नाव सांगितले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे.

"हितलीच," ते म्हणाले. "मेल्यावर हितंच पुरा म्हनून आलोय."

कारकुनाने मान वर केली, आम्हाला नीट पाहिले आणि म्हणाला, "बसा. साहेब यायचेत."

आम्ही बाकावर दाटीने बसलो. तिने हळूच विचारले, "दादा, इथे साखळी करायची?"

"डोळे उघडे ठेवून," मी म्हणालो.