गडद रंग दुपारी

टाकीच्या तापमानाचा काटा एकशेसाठ अंशांवर आला. दीडशेच्या खाली गेला की वाफ बंद. घड्याळात साडेपाच. समोर माणूस उतरेल एवढ्या भांड्यात मरून रंगाचं सूत, आणि त्याच्या दोन गरम धुण्या अजून बाकी.

"मॅडम, बॉयलर पेटवू का?" शेठनी विचारलं. आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं.

"पेटवा," मी म्हणाले.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं हे डाईंग युनिट. टॉवेलचं सूत इथे रंगतं, त्याला दिवसभर वाफ लागते. ती लाकडाच्या बॉयलरवर व्हायची. आमची कंपनी ती उन्हावर करायला निघाली होती; मी तिथली इंजिनिअर. गच्चीवर मोठाले पन्हळीसारखे आरसे. ते ऊन एका नळीवर गोळा करतात, नळीतलं तेल तापतं आणि खालच्या टाकीत येतं. टाकीत काळ्या दगडाची धुतलेली खडी. दगड उष्णता धरून ठेवतात, म्हणून ऊन उतरल्यावरही वाफ मिळते. याला आम्ही थर्मल स्टोरेज म्हणतो. नाव मोठं, काम तापल्या तव्याचं.

परदेशातून एकही पार्ट मागवायचा नाही, हा माझा हट्ट. खडी इथल्याच खाणीतली. टाकी शेजारच्या शेडमधल्या रफिकभाईंनी बनवलेली. ते गेट-ग्रिलवाले; माझ्या शब्दावर चार महिने त्यांनी दुसरं काम घेतलं नव्हतं. शेठची अट एकच: बॉयलर न पेटवता पूर्ण दिवस काढून दाखवा, मग दुसऱ्या युनिटचं कामही तुम्हालाच. नाहीतर टाकी उचला. टाकीबरोबर माझी नोकरीही जाणार होती.

"उद्या अजून एक दिवस देतो," शेठ म्हणाले. "परवा नाही."

रफिकभाई टाकीपाशी उभे होते. "मॅडम, माझ्या वेल्डिंगमधी काय खोट हाय का?"

"तुमच्यात नाही हो. माझ्यातच असणार."

पण कुठे, ते कळेना. दुपारी दोनलाच टाकीत आणखी उष्णता मावेनाशी झाली होती. तेल आणखी तापू नये म्हणून आम्ही आरसे उन्हावरून फिरवून ठेवले होते. म्हणजे दुपारी ऊन सोडून दिलं आणि संध्याकाळी वाफेसाठी रडत बसलो. डोकं सणकलं होतं माझं.

चहा घेऊन नरसय्यामामा आले. हे इथले डाईंग मास्टर. घरी तेलुगू, कामावर मराठी, आणि चाळीस वर्षं हातांना रंग.

"मामा, संध्याकाळीच एवढी वाफ कुठं जाते हो?"

"गडद रंग हाय की! त्याला लई धुण्या, त्या पण उकळत्या पाण्यात. सकाळच्या पिवळ्या-गुलाबीला कुटं एवढं लागतंय?"

"मग गडद आधी का नाही घेत?"

मामा हसले. "फिक्यावर गडद घातलं तर भांडं नुसतं खंगाळलं तरी चालतंय. गडदावर फिकं घालायचं म्हंजे भांडं घासून काढायला लागतंय. एक ठिपका राहिला तर अख्खा लॉट वाया."

मी कपाळावर हात मारला. लाकडाच्या नोंदी घेऊन दिवसाची सरासरी काढली होती मी, कोणत्या तासाला किती वाफ लागते ते पाहिलंच नव्हतं. महिनाभर याच माणसाबरोबर चहा पीत होते आणि हे एकदाही विचारलं नव्हतं. खरंच लाज वाटली.

"मामा, उद्या एक दिवस..."

"उलटं लावायचं, व्हय ना? लावतो की."

"ठिपका पडला तर?"

"तर माझं नाव जाईल. तुमचं न्हाय." आणि चहा संपवून उठले.

दुसऱ्या दिवशी अकराला मरून रंगाचं सूत भांड्यात. भर दुपारी आरशांवरचं सगळं ऊन थेट धुण्यांना लागलं. एकही आरसा फिरवावा लागला नाही. तीन वाजता गडद संपलं आणि मामांनी लुंगी खोचली. हाताखाली माणसं असताना स्वतः भांड्यात उतरले, कोपरे बोटांनी तपासत घासत राहिले. वय साठीच्या पुढं. मी नुसती बघत उभी.

सहा वाजता बेबी पिंकच्या लडी बाहेर आल्या. काटा एकशेऐंशीवर. बॉयलर गार. शेठनी एकेक लड उजेडात धरून उलटसुलट पाहिली. रफिकभाई टाकीपाशी थांबलेले. मामा तंबाखू मळत होते.

"साफ आहे," शेठ म्हणाले. "दुसऱ्या युनिटचं काम सुरू करा."

पुढची टाकी आम्ही मोठी केली, म्हणजे दुपारचं ऊन संध्याकाळच्या गडद रंगापर्यंत पुरावं आणि कुणाला भांडी घासायला लागू नयेत. रफिकभाईंच्या शेडमध्ये आता ग्रिलं होत नाहीत, टाक्याच होतात. आणि नव्या गिऱ्हाईकाकडे जाताना आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो: गडद रंग किती वाजता? तो मामांनी शिकवलेला प्रश्न आहे. मी इंजिनिअर म्हणून पगार घेत होते, आणि माझी नोकरी त्या दिवशी एका रंगाऱ्याने भांडं घासून वाचवली.