हुडव्यातली खोकी

संगमेश्वरने माझा जबडा मोडला, त्याला आता वर्ष होत आलं. थंडी पडली की अजून ठणकतो आणि भाकरी मला उजव्या बाजूनेच चावावी लागते. लोक विचारतात, खेळण्यांच्या रिकाम्या खोक्यांवरून झालं म्हणे? मी हो म्हणतो, ते हसतात. हसणाऱ्यांनी त्याची मारामारी पाहिलेली नाही, एवढंच मला त्यांना सांगायचं आहे.

वडवणीत चौकाच्या एका बाजूला माझं मोटारसायकलचं गॅरेज आणि समोर संगमेश्वरचं जनरल स्टोअर, मागे त्याचं घर. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचे वडील मन्मथप्पा तेव्हा खेळणी विकायचे, कपिलधारच्या यात्रेतही पाल ठोकायचे. आमच्याकडच्या गिऱ्हाइकाला खोक्यातला माल चालत नाही. चाक फिरवून बघितल्याशिवाय, बाहुलीचे डोळे मिटतात का ते तपासल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही. म्हणून मन्मथप्पा सगळी खेळणी खोक्यांतून काढून दोरीला टांगायचे आणि खोकी अंघोळीच्या बंबात घालायचे. खेळणी विकायची असत, त्यांना हात लावायची संगमेश्वरला, आमच्या संग्याला, मुभा नव्हती. त्याच्या वाट्याला चित्रं यायची, तीही जळायच्या आधी घटकाभर.

एकदा त्याने बंबातून एक खोकं ओढून काढलं. त्यावर लाल आगगाडीचं चित्र होतं. मन्मथप्पांनी त्याचा तळवा धरून तापलेल्या बंबाला टेकवला आणि तो ओरडायचा थांबेपर्यंत तसाच धरला. मी तिथेच उभा होतो. कातडी करपल्याचा वास मला अजून आठवतो. ते खोकं त्याने सोडलं नाही, दुसऱ्या हातात धरून ठेवलं. त्याच्या संग्रहातलं ते पहिलं खोकं.

बाप गेल्यावर दुकान त्याच्या हाती आलं, तेव्हापासून एकही खोकं जळलं नाही. खोटं कशाला बोलू, त्याचं काम बघत राहावंसं वाटायचं. एरवी आदळआपट करणारा हा माणूस चहाच्या आधणावर खोक्याची डिंकाची कड धरायचा आणि सुरीच्या पाठीने एकेक झाकण सुटं करायचा. कागदाचा एक धागा तुटू द्यायचा नाही. मग सावलीत वाळवणं, पाट्याखाली दाबणं, दोन खोक्यांच्या मध्ये बटर पेपर. वर्तमानपत्र घालायचं नाही, शाई उतरते. रबर लावायचं नाही, उन्हाळ्यात वितळून चिकटतं. जुन्या साडीचे काठ फाडून त्यांनी गठ्ठे बांधायचे. रचायची पद्धतही त्याची स्वतःची होती. डिंकाने बंद होणारी खोकी एकीकडे, पुठ्ठ्याची जीभ खोचून बंद होणारी दुसरीकडे आणि पिनवाली सगळ्यांत लांब, कारण एका पिनेचा गंज शेजारच्या खोक्याला लागतो. पुण्याहून एक शौकीन ती बघायला आला होता. बघताना त्याने नकळत बोट ओलं करून खोकं उलटलं. संग्याने त्याला कॉलर धरून पायरीखाली फेकलं.

हात असा उठायचा. खोक्यावर बसलेल्या हमालाचं नाक त्याने फोडलं. दुमडलेलं खोकं आणून दिलं म्हणून टेम्पोवाल्याला हवेच्या पंपाने बडवलं, तो पंप माझ्याच गॅरेजातला होता. पोलीस यायचे, समजूत घालून जायचे. गल्ली सवयीने म्हणायची, माणूस चांगला आहे, फक्त खोक्यांना हात लावू नका. मीही तेच म्हणत होतो.

घरात हा नियम पाळणं अवघडच होतं. त्याची बायको उमाबाई हळू आवाजात बोलणारी बाई. तीन दिवाळ्यांमागे तिने माहेरी पाठवायचे लाडू एका खोक्यात भरले आणि आतून तूप पाझरलं. संग्याने तिचं मनगट धरून पिळलं. कट असा आवाज झाला तो मला त्याच्या दुकानाच्या पायरीवर ऐकू आला. मीच तिला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. घसरून पडले, असं तिने डॉक्टरला सांगितलं. मी मागे उभा राहून मान डोलावली. हाड वाकडंच जुळलं.

घरी आल्यावर मात्र ती माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाली, "आता परत घरात कुणावर हात उचलला, तर ईश्वरीला घेऊन माहेरी नांदूरघाटला जाईन. परत येणार न्हाई." संग्याने देवघरापुढे शपथ घेतली. रडलाही. त्याचं रडणं खरं होतं. पण ईश्वरी, त्याची एकुलती एक मुलगी, कॉलेजात जाणारी, दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

त्या पोरीची एक बाहुली होती. होती म्हणजे, लहानपणी वाढदिवसाला बापाने आणली आणि खोक्यासकट भिंतीवर टांगली. खोक्याला पुढून पारदर्शक खिडकी. तुझीच आहे, फक्त उघडायची नाही, असं त्याने सांगितलं होतं. ईश्वरी स्टुलावर चढून खिडकीला नाक लावून बसायची. एकदा तिने झाकणाला नख लावलं, तेव्हा त्याने तिच्या बोटांवर पट्टी मोडली. नंतर तिने बाहुलीकडे बघायचं सोडून दिलं.

त्या शपथेनंतरच्या पावसाळ्यात त्याच्या माळ्याला वाळवी लागली. खोकी कुठे ठेवायची याचा घोर लागून संग्या जेवेना. शेवटी त्याला परसातला हुडवा सुचला. उमाबाईने दोन म्हशींच्या शेणाच्या गोवऱ्या थापून रचलेला, वरून शेणाने लिंपलेला उंच ढीग. आत पाणी शिरत नाही, वाळवी त्या वासाने फिरकत नाही. त्याने एका बाजूने हुडवा उघडला, खताच्या गोण्यांत बांधलेले सगळे गठ्ठे पोटात घातले, बाहुलीचं खोकं मधोमध ठेवलं आणि पुन्हा लिंपून घेतलं. मला म्हणाला, इतकी कोरडी जागा अख्ख्या तालुक्यात नाही. आणि ते खरंच होतं.

त्याला एवढंच सुचलं नाही की आमच्याकडे होळीला सगळ्यांत आधी चोरीला जातात त्या गोवऱ्याच. ती चोरी कोणी चोरी मानत नाही. घरधन्याने पकडलं तर पोरं पळतात, नाही पकडलं तर घरधनी शिव्या घालून हसतो. आणि एकदा होळीवर पडलेली वस्तू कोणी परत घेत नाही, ती होळीची झाली. संग्याचा भरवसा स्वतःच्या दहशतीवर होता. आपल्या परसात पाऊल टाकायची कोणाची छाती आहे, असं त्याला वाटत होतं. बाहेरच्या कोणाची नव्हतीच.

होळीच्या दिवशी तो माल आणायला बीडला गेला. दिवेलागणीला परतला तेव्हा चौकात होळी पेटली होती. रमजान चालू होता, मी नुकताच रोजा सोडला होता आणि खजूर तोंडात होता. संग्या हातातल्या पिशव्या घेऊन घरात गेला आणि परसातून जो आवाज आला, तो माणसाचा वाटत नव्हता. पळत बाहेर आला आणि थेट जाळात घुसला. खरोखर घुसला. दोन्ही हात कोपरापर्यंत निखाऱ्यांत घालून त्याने एक गोणी ओढली. प्लास्टिक वितळून त्याच्या हातांना चिकटलं होतं. आत काळा कागद. साडीचा काठ तेवढा एका बाजूने हिरवा दिसत होता.

होळीतलं काढू नको म्हणत बद्रीनाथ, आमच्या गल्लीतला मोठा माणूस, मध्ये पडला. संग्याने त्याच्या पोटात लाथ घातली, तो नैवेद्याच्या ताटावर कोसळला. दोघांनी मागून धरलं, त्यातल्या एकाचा हात त्याने रक्त येईस्तोवर चावला. मग पेटता ओंडका उचलला. ठिणग्या बायकांच्या लुगड्यांवर उडत होत्या, माणसं मागे सरत होती. कोणी नेलं, एवढंच तो विचारत होता.

ईश्वरी पुढे आली. अडवणाऱ्यांना तिने हाताने बाजूला केलं.

"हुडवा मी दिला, आप्पा," ती म्हणाली. "पोरांना मीच बोलावलं. आत काय हाय ते मला ठाव होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, पोटची पोर आहे, हात खाली येईल. हात वर गेला. मी धाडसी माणूस नाही. त्या मनगटाचा आवाज ऐकल्यापासून जे काही माझ्या पोटात साचलं होतं, त्याने मला दोघांच्या मध्ये ढकललं म्हणा. ओंडका माझ्या जबड्यावर बसला. खजुराची बी आणि दोन दात मी एकदमच थुंकलो. खाली पडल्या पडल्या मला दिसलं की त्याने पुन्हा हात उगारला आहे आणि तो माझ्यासाठी नाही.

तेव्हा उमाबाईने हातातला पाण्याचा तांब्या त्याच्या कपाळावर हाणला. होळीभोवती पाणी फिरवायला आणलेला भरलेला पितळी तांब्या, तिने वाकड्या हाताने मारला. तो गुडघ्यांवर आला. तिने आणखी एकदा मारला, मग आणखी. कोणी तिला धरलं नाही. आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं त्याला कधी धरलं होतं?

धुळवडीला सकाळी मायलेकी जीपमध्ये बसून नांदूरघाटला गेल्या. उमाबाईने शब्द पाळला.

माझ्या जबड्याची तार निघाल्यावर मी नांदूरघाटला जाऊन आलो. उमाबाई भावाच्या घरी शिलाई मशीन चालवत होती. चेहरा भरला होता. ओसरीवर भावाची लहान नात बाहुलीचे केस ओढत बसली होती, बाहुलीचा एक पाय गायब. मी ओळखली. खिडकीतून इतकी वर्षं पाहिलेलं ते तोंड.

ईश्वरीने चहा आणला आणि आपण होऊन सांगितलं. पोरांना बोलवायच्या आधी तिने हुडव्यातून ते खोकं काढलं होतं. फाडणार होती, चिंध्या करून बापाच्या उशाशी ठेवायच्या असं मनात होतं. "पर हात चालंना, चाचा," ती म्हणाली. "आधण ठेवलं. वाफेवर धरलं. सुरीच्या पाठीनं झाकण सोडवलं, आप्पा सोडवतात तसंच. मला दुसरं येतच न्हाई." मग बाहुली काढून घेतली, खोकं चपटं करून बटर पेपरमध्ये गुंडाळलं आणि परत गठ्ठ्यात घातलं. जळताना ते अगदी अखंड होतं. हे सांगताना ती पहिल्यांदा रडली. बापासाठी की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संगमेश्वर गॅरेजवर आला. आता त्याच्या दुकानात फारसं कोणी जात नाही. हातांची कातडी आकसून बोटं अर्धी मिटलेली, कपाळावर तांब्याची खूण. मी नांदूरघाटला गेलो होतो हे त्याला कळलं होतं. मी म्हणालो, दोघी बऱ्या आहेत. बाहुली ईश्वरीकडेच आहे, तिने आधीच काढून घेतली होती.

तो टायरच्या ढिगाजवळ आला. आता विचारेल, मला वाटलं. उमाचं मनगट दुखतं का, पोरगी माझं नाव काढते का, काहीतरी विचारेल. माझी मनापासून इच्छा होती की त्याने विचारावं.

"साजिद," तो म्हणाला, "खोकं कसं उघडलं बे तिनं? फाडलं, का नीट सोडवलं?"

खरं मला ठाऊक होतं. ते सांगितलं असतं तर तो त्यावर उरलेलं आयुष्य काढू शकला असता.

"फाडलं," मी म्हणालो. "टराटरा फाडलं. चिंध्या केल्या."

जाळात हात घालताना तो ओरडला नव्हता, तांब्याचे घाव बसले तेव्हाही नाही. आता टायरच्या ढिगावर बसून तो ओरडायला लागला. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. मी पाना उचलला आणि समोरच्या गाडीचा अडकलेला नट सोडवायला घेतला.