तिच्या बोलीतला प्रश्न

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं — नाही, सोपं नाही, पण सांगते.

मी कारंजाची. एका मोठ्या दवाखान्यात समुपदेशक आहे; म्हणजे डॉक्टर इंग्रजीत बोलतात ते पेशंटला आमच्या वऱ्हाडीत समजावते. माझी जीभ गोड आहे असं सगळे म्हणतात.

मेडशीची वैशाली, वय एकोणीस. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून रक्तात आलेला आजार. सांधे धरले की पोर उशी चावून कण्हायची. तिच्यावर नवा उपचार होणार होता — रक्त तयार करणाऱ्या पेशी बाहेर काढायच्या, जनुकातली चूक दुरुस्त करायची, परत अंगात सोडायच्या. पण मधे एक जहाल औषध द्यावं लागतं. त्यानं मूल होण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. जिला मूल हवं तिचं बीज आधी काढून साठवायची सोय होती, तीही फुकट.

या प्रयोगावर देखरेख करायला देशोदेशीच्या जाणकारांची समिती होती. माणसाच्या जनुकाला हात लावायचा, तर मनमानी नको — कोणी जन्मावं नि कोणी नाही, हे कुणी परस्पर ठरवू नये. म्हणून त्यांची अट, प्रश्न पोरीच्या बोलीत विचारा, उत्तर तिच्या तोंडून येऊ द्या. चांगली अट होती. फक्त मधे मी बसले होते.

समितीतल्या एक परदेशी बाई व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनी पडद्यावरून विचारलं, पुढे मूल होणार नाही कदाचित, हे तिला कळलंय का? मी वैशालीकडे वळले. म्हणाले, "पाळी थांबन थोडे दिवस. चालीन ना तुले?"

ती हसली. "चालते की ताई. तेवढीच कटकट गेली."

मी बाईंना सांगितलं — तिला सगळं कळलंय, मान्य आहे, आणि बीज साठवायचं नाही म्हणते. बाई म्हणाल्या, किती धीराची मुलगी.

का केलं मी असं? घाई होती? ती नाही म्हणेल अशी भीती? तसं असतं तर बरं होतं. मला वाटलं, असल्या रक्ताच्या पोरीला लेकरं कशाला हवीत? थांबू दे इथंच. हे मी पूर्ण शुद्धीत, समोरचा चहा पिता पिता ठरवलं. आणि एवढे विद्वान, एवढे नियम, पण निकाल माझ्या जिभेवर — याचं मला सुख वाटलं. हो, सुखच.

वैशालीचं दुखणं गेलं. अंग भरलं, मंगरूळपीरला लग्न ठरलं. पत्रिका द्यायला ती स्वतः आली, माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

आता सासू तिला चारचौघांत भाकड म्हणते. तपासणीला ती येते तेव्हाही डॉक्टर आणि तिच्या मधे मीच असते. तिथंही मी तेच खोटं पुढे ढकलते. घरून ती मलाच फोन करते, कारण दवाखान्यात आपलं माणूस म्हणून तिला मीच वाटते. परवाही केला. म्हणाली, "ताई, तुमी थोडे दिवस म्हनलं होतं. पाळी कवा येईन?"

मी म्हटलं, "येईन वं. धीर धर."