आत्याचं धुतलेलं जॅकेट

आत्याचं जॅकेट मी धुतलं. नुसतं धुतलं नाही, गरम पाण्यात भिजवलं, कॉलर ब्रशने घासली आणि वर सुगंधी द्रवाचं झाकणभर दान केलं. मग ते बाल्कनीत वाळत घालून मी आत्या कामावरून यायची वाट बघत बसलो. कौतुकाची अपेक्षा होती, लपवण्यात अर्थ नाही.

ती आली आणि दारातच थबकली. "कसला वास येतोय?"

"फुलांचा."

"आपल्या घरात?"

मी बाल्कनीकडे बोट दाखवलं. आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती जॅकेटसमोर उभी राहिली. लाल अक्षरांचा रंग उतरून पाठीवरची मोठी पांढरी कवटी गुलाबी झाली होती. बाळसं धरल्यासारखी दिसत होती.

"उद्या काय आहे, माहीत आहे ना तुला?"

"फेस्टिव्हल. म्हणून तर धुतलं."

तिने कपाळाला हात लावला.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, पन्नाशी कधीच ओलांडली, सोफा-खुर्च्यांवर कापड चढवायच्या कारखान्यात काम करते. दिवसभर ओठांत छोटे खिळे धरून असते, त्यामुळे कमी बोलते. पण खिळे काढले की आजूबाजूच्यांनी जपून राहावं. मी नोकरी शोधायला म्हणून तिच्याकडे राहायला आलो, आणि नोकरी लागल्यावरही हललो नाही. तिच्याकडे राहायचं तर मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं गिटार-ड्रमचं संगीत, सहन करावं लागतं. आमच्या गावच्या शाळेत संगीताच्या तासाला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे 'हळू'. आत्याच्या घरी हा शब्दच नव्हता.

जॅकेटच्या पाठीवर, बाह्यांवर, खिशांवर वेगवेगळ्या बँडचे कापडी पॅच होते. सगळे तिने सोफ्याच्या जाड सुईने शिवलेले. असं जॅकेट कधी धुवायचं नसतं. प्रत्येक मैदानाची धूळ आणि घाम त्यात राहिला पाहिजे. तिच्या टोळीत तर कडक नियम होता: जॅकेट धुतलं की माणूस कोरा, आणि कोऱ्या माणसाने मागे, सगळ्यांच्या पिशव्या राखत उभं राहायचं.

हा नियम केला होता आत्यानेच.

टोळी तिघांची. आत्या, हॉस्पिटलातली एक सिस्टर आणि एक किल्लीवाला. मागे एकदा किल्लीवाल्याचं जॅकेट त्याच्या बायकोने धुतलं. आत्याने त्याला दिवसभर पिशव्यांजवळ उभं केलं. त्याच दिवशी त्याचा लाडका बँड वाजवून गेला, आणि पुढे तो बँडच मोडला. किल्लीवाल्याने नियम पाळला. पण विसरला नाही.

आणि उद्या आत्याचे 'म्हातारे', म्हणजे तिचा सगळ्यांत लाडका बँड, वाजवणार होते. तरुण असल्यापासून ती त्यांना ऐकत आली होती. गायकाचा गळा गेला होता, हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता. तो अगदी स्टेजसमोरच्या रेलिंगला पोट टेकवून ऐकायचा, हे तिने केव्हाच ठरवलं होतं.

"सांगू की पावसात भिजलं," मी सुचवलं.

"खोटं बोलायला मी मेटल ऐकत नाही. खोटं बोलायला घरचे समारंभ आहेत."

तेवढ्यात बाबांचा फोन. "या वयात त्या गर्दीत मान झटकायला जाणार? लोक काय म्हणतील? मानेचं काही झालं तर?"

"दादा, तू आयुष्यभर मान खाली घालून जपलीस. काय झालं तिचं? पट्टा लावतोस ना?"

पलीकडे फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मालकाने तिला अर्धीच सुट्टी दिली. ती कारखान्यातून परस्पर मैदानावर येणार आणि मी घरून जॅकेट आणणार, असं ठरलं. इस्त्री फिरवूनही ते दमटच राहिलं. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठला साबण हो?" मी खिडकीबाहेर बघितलं.

मैदानावर काळ्या कपड्यांचा समुद्र. मी घाबरून आत शिरलो, तर एका धिप्पाड, अंगभर साप गोंदलेल्या माणसाचा पाय माझ्या पायावर पडला. "सॉरी भाऊ, लागलं का?" इतकी सभ्य माणसं मी आमच्या ऑफिसातही पाहिली नाहीत.

दिव्याच्या खांबाजवळ आत्या उभी होती. अंगात कारखान्याचा एप्रन, त्यावर डिंकाचे डाग आणि खडूच्या रेघा, केसांत फोमचा भुगा. तिने माझ्याकडून जॅकेट घेतलं आणि सगळ्यांसमोर घातलं. किल्लीवाल्याने हवेत वास घेतला.

"ताई?"

"धुतलंय," आत्या म्हणाली.

"मी धुतलं, काका," मी म्हणालो.

"तू गप," दोघं एकदम म्हणाले.

किल्लीवाला कवटीकडे बघत राहिला. "मीसुद्धा म्हटलं होतं, बायकोने धुतलं. तुम्ही काय म्हणालात?"

"कोणी धुतलं ते विचारलं नाही, धुतलं का ते विचारलं."

"अगदी हेच शब्द." त्याने खांबाखालच्या पिशव्यांकडे हात केला.

"अरे, तिचे म्हातारे आज शेवटचं वाजवतायत," सिस्टर म्हणाली. "आजच्या दिवस सोड."

"माझ्या वेळी कोणी सोडलं?"

आत्या पिशव्यांजवळ जाऊन उभी राहिली. मी म्हणालो, मी थांबतो, माझ्यामुळेच झालंय. तिने मानेनेच नकार दिला. स्टेजवर गिटार लागली. तो आवाज कानाआधी पोटात शिरतो. म्हातारे आले, गर्दीने करंगळी आणि तर्जनी वर करून हात उंचावले. पहिलं गाणं सुरू झालं. आत्याचा पाय साधा ठेकासुद्धा धरत नव्हता.

पहिलं गाणं संपलं तशी तिने जॅकेट उतरवलं आणि खांबाच्या आकड्याला टांगलं.

"कोरं जॅकेट आहे. ते राखेल पिशव्या."

"असं नसतं, ताई."

"नसतंच. नियम माझा होता आणि मूर्खपणाचा होता. तुला इथे उभं केलं तेव्हाही मूर्खपणाचाच होता, फक्त तेव्हा तो मला टोचत नव्हता. आता मी तो मोडतेय. तुझा दिवस मी खाल्ला, तो मी तुला देणं लागते. पण त्याच्या बदल्यात माझे म्हातारे मी देणार नाही. तुला राग धरायचा तर धर. पुढे येऊन धर."

आणि ती एप्रनमध्येच गर्दीत घुसली.

किल्लीवाला "ही बाई!" म्हणून तिच्या मागे निघाला. सिस्टरने माझ्या हातात कापसाचे बोळे कोंबले आणि मलाही ओढलं.

रेलिंगजवळच्या गार्डने आत्याकडे, तिच्या पांढऱ्या केसांकडे, एप्रनकडे पाहिलं. "मावशी, बाजूला बसायला खुर्च्या आहेत."

"खुर्च्या मी रोज करते. आज उभी राहायला आलेय."

गार्ड बाजूला झाला. मधेच तिचा फोन थरथरला. 'दादा'. तिने फोन घेतला आणि हात लांब करून लाउडस्पीकरकडे धरला. अख्खं गाणं. बाबांनीही ठेवला नाही; का, ते मी अजून विचारलेलं नाही. मग ती मान झटकायला लागली, तसा तिच्या केसांतला फोमचा भुगा चहूकडे उडाला. शेजारी किल्लीवाला. त्याचा राग दिसत होता. पण मान त्याचीही हलत होती.

संपल्यावर आम्ही खांबाजवळ आलो. पिशव्या जागच्या जागी होत्या. जॅकेट वाळलं होतं, वास मात्र गेला नव्हता. आत्याने ते एप्रनवरून चढवलं.

"ताई, माझा दिवस?" किल्लीवाला म्हणाला.

"देणं लागते."

"फेडणार कसा? ते आता परत वाजवायचे नाहीत."

"ते मला माहीत नाही," आत्या म्हणाली.

तिने खाली वाकून त्याची पिशवी उचलली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. अवजारांनी भरलेली, चांगली जड. फाटकापर्यंत तिनेच वाहिली. तिथे त्याने पिशवी परत घेतली.

"हे फेडीत धरायचं नाही हं, ताई."

"धरलंच नाही," आत्या म्हणाली.